शिट्टी वाजेपर्यंत

त्या सीडीच्या कव्हरवर नरहरी काळबांडे नाहीत. सीडी त्यांची, चाली त्यांच्या, पुढे उभं राहून ट्रॉम्बोन वाजवणारे तेच, आणि कव्हरवर कोण? शेखर. कीबोर्डवर हात ठेवून हसणारा शेखर. त्यात शेखरचा काही दोष नाही, तो बिचारा माझ्याकडे येऊन दोनदा हळहळून गेला. दोष आहे तो कंपनीवाल्याचा. फोटोत काळबांडेकाका ट्रॉम्बोनची नळी पूर्ण लांब करून उभे होते. कव्हर पडलं चौकोनी, त्यात नळी मावेना. मग फोटो लहान करावा की नाही? त्या शहाण्याने काकांनाच कापून टाकलं. डाव्या कोपऱ्यात नळीचं टोक तेवढं राहिलं आहे. लोक विचारतात, हा पडद्याचा रॉड आहे का?

मी सुनेत्रा. २००१ साली अमरावतीहून रायपूरला आले. राज्य नवं, राजधानी नवी, नगररचना ऑफिसातली माझी नोकरीही नवी. तिथे नकाशे भरपूर आणि खुर्च्या कमी होत्या. बूढापाऱ्यात, तलावापासून दोन गल्ल्या आत, काळबांड्यांच्या घरी मला वरची खोली भाड्याने मिळाली. पहिल्याच संध्याकाळी खालून असा आवाज आला की मला वाटलं म्हैस अडली. धावत खाली आले. अंगणात पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ बनियनवर उभे राहून पितळेची लांब नळी पुढे-मागे सरकवत होते.

"घाबरू नको पोरी," त्यांच्या पत्नी इंदूकाकू म्हणाल्या, "नळीले चिकनी करून राहिले. माहं कोल्ड क्रीम संपवते हा मानूस. थोबाडाले लावाले मले उरत नाही."

हे खरं होतं. ट्रॉम्बोनची नळी लोण्यासारखी सरकावी लागते, आणि त्यासाठी कोल्ड क्रीम आणि वरून पाण्याचा शिडकावा यासारखं दुसरं काही नाही, असं काकांचं मत होतं. काकूंनी डबी डाळीच्या डब्यात लपवली तरी ते ती शोधून काढत.

काकांचे वडील गोंदियाकडून रेल्वेत आले आणि इथलेच झाले. काका स्वतः वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर. तरुणपणी रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये एक म्हातारा अँग्लो-इंडियन गार्ड पोरांना ट्रॉम्बोन शिकवायचा. बाकीची पोरं आठवड्याभरात पळाली, काका टिकले. गार्डसाहेब मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेले तेव्हा आपलं वाद्य आणि रेकॉर्डांची एक ट्रंक काकांना देऊन गेले. त्या रेकॉर्डांतून काका जॅझ शिकले. इंग्रजी येत नव्हतं, पण ऐकायला इंग्रजी कशाला लागतं? मला त्यांनी एकदा समजावलं होतं. "पहिले चाल सरळ वाजवाची. मंग मोडाची. मंग त्या मोडक्यातूनच नवी काढाची. वॅगनचंही तसंच राह्यते पोरी."

पण रायपुरात जॅझ ऐकणार कोण? म्हणून लगनसराईत ते बाबाराव मास्तरांच्या बँडमध्ये वाजवत. तीस वर्षं वाजवलं. ट्रॉम्बोनवाला बँडात सगळ्यात पुढच्या रांगेत चालतो. मानाची म्हणून त्याला ती जागा दिलेली नसते. मागे ठेवला तर नळी पुढच्याच्या पाठीत जाते, म्हणून देतात. तरी काका ती मानाचीच समजत, आणि माझ्या मते बरोबर समजत. त्यांच्यापुढे कोणी चालायचं नाही, हा नियम.

दुसरा नियम शिट्टीचा. बँडात आपल्या मनाने थांबायचं नसतं. वरात मुलीच्या दाराशी पोचली की मास्तर शिट्टी मारतो, तेव्हाच थांबायचं. तोवर नवरदेव घोड्यावरून पडला तरी वाजवत राहायचं. आणि शिट्टी वाजली की सूर अर्धा तोंडात असला तरी गिळायचा. हे काकांच्या हाडात इतकं मुरलं होतं की मास्तर वारले, बँड मोडला, तरी शिट्टी काही अंगातून गेली नाही. गल्लीच्या तोंडाशी ट्रॅफिकवाल्याने शिट्टी मारली की अंगणातला रियाज जागच्या जागी बंद. इंदूकाकू कुकरसुद्धा त्यांचा रियाज आटोपल्यावरच लावत. मी या गोष्टीला फार हसायचे. पुढे माझं हसणं माझ्याच घशात गेलं.

एका गोष्टीला मात्र मी कधी हसले नाही. इंदूकाकूंनी नवऱ्याला लोकांपुढे वाजवताना कधी पाहिलंच नव्हतं. रियाज ऐकला होता, तोही चुलीपुढून. पण बँडवाल्याच्या बायकोला लोकांच्या वरातीत कोण बोलावतं? "तीस वर्षं लोकाच्या पोरींच्या दारापर्यंत वाजवत नेलं यानं," त्या म्हणायच्या. "माह्या लग्नात हा घोड्यावर होता. पुढची रांग रिकामी. माह्या दाराशी कोनी वाजवलं?" हे त्या हसत सांगत आणि काका त्या वेळी नळी पुसायला घेत.

त्याच रिकाम्या रांगेची भरपाई म्हणून काकांनी एक चाल बांधली होती. तिचं नाव 'दारापर्यंत'. सीडीचंही नाव तेच.

सीडीची कल्पना गौतमची. हा सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात इंजिनीअर. बेस गिटार वाजवायचा. शेखर शाळेत संगीत शिकवायचा, तो कीबोर्डवर. ड्रमवर भैय्यालाल. तो मूळचा धुमालवाला, म्हणजे आमच्याकडच्या मिरवणुकांत जे कान फाडणारे ढोल-ताशे असतात त्यातला. या माणसाच्या हातात इतकी नाजूक काठी असेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. चौघं रविवारी अंगणात जमायचे. मी चहा नेऊन द्यायची आणि परत वर जायचं विसरायची.

२००४ साली तेलीबांध्याला एका नव्या फ्लॅटमधल्या स्टुडिओत त्यांनी सात चाली वाजवल्या. मी ऑफिसातून रजा टाकून गेले होते. सहा चाली झाल्या, चांगल्या झाल्या. सातवी 'दारापर्यंत'. ठरलं होतं पाच मिनिटांचं. काकांनी चाल सरळ वाजवली, मोडली, मोडक्यातून नवी काढली, आणि थांबेचनात. गौतमने शेखरकडे पाहिलं. शेखरने भैय्यालालकडे. भैय्यालालने डोळे मिटून घेतले आणि काकांच्या मागे निघाला. भिंतीवरच्या घड्याळाने एकोणीस मिनिटं मोजली. मी जॅझची जाणकार नाही, पण त्या एकोणीस मिनिटांत मी एका लांब रस्त्याने चालले, एवढं खात्रीने सांगते. त्यात दमलेले भोई होते, रुसलेला जावई होता, वाटेतला तलाव होता, आणि शेवटी शेवटी तर एक बाई दाराआड उभी होती.

काका थांबले ते दम संपला म्हणून. कपाळ पुसत म्हणाले, "कोनी शिट्टीच मारली नाही. मी कसा थांबू?"

आम्ही सगळे हसलो. मग कोणी हसेना. कारण झालं ते काय झालं, हे चौघांनाही कळलं होतं. काका मला म्हणाले, "पोरी, हे इंदूले ऐकवाचं आहे. अख्खं."

आणि कंपनीवाल्याने ते चार मिनिटांचं केलं. का? तर "गाना चार मिनट का होता है." चार मिनिटं झाली की आवाज हळूहळू लहान होत जातो. वरात निघाली आणि चौकातच विरून गेली! मी त्याच्या दुकानात जाऊन भांडले. त्याने मला थंड पेय पाजलं. वर म्हणाला, "दीदी, पूरा कौन सुनेगा?" मूळ रेकॉर्डिंग परत मागायला स्टुडिओत गेले, तर तिथे लग्नाच्या व्हिडिओंना जागा हवी म्हणून कॉम्प्युटर साफ केलेला. एकोणीस मिनिटं पुसून टाकताना त्या माणसाने एकदा विचारूसुद्धा नये? गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात. पण गाढव निदान गूळ पुसून टाकत नाही.

सीडी दुकानांत लागली ती लग्नाच्या गाण्यांच्या फळीवर. लोक वरातीसाठी नेत आणि दुसऱ्या दिवशी परत आणून देत, "भैया, इसमें तो गाना ही नहीं है." छापलेल्यांतल्या बहुतेक घरी परत आल्या. आजही भैय्यालालच्या परसात पपईच्या झाडांना पाखरं हाकलायला त्याच लटकतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्यावर खेकसले. तो मान खाली घालून म्हणाला, "दीदी, और का करतेव? घर में रखता तो रोना आता था."

काका मात्र चिडले नाहीत. मला याचाच जास्त राग यायचा. मी तावातावाने बोलायची आणि ते म्हणायचे, "जाऊ दे ना पोरी. नळी तर आली ना फोटोत." अशा माणसाचं काय करावं?

२००७च्या जानेवारीत त्यांचे वरचे पुढचे दोन दात हलायला लागले. डॉक्टर म्हणाले, काढावे लागतील, नवे बसवू. पण बसवलेल्या दातांवर ओठांचा तो दाब येत नाही, हे काकांना माहीत होतं. म्हणजे दात गेले की ट्रॉम्बोन गेला. त्यांनी महिनाभराची मुदत मागून घेतली. "एक बार इंदूले अख्खं ऐकवतो," ते मला जिन्यात म्हणाले. "मंग बत्तीसच्या बत्तीस काढा."

"मग अंगणातच वाजवा ना काका, आजच्या आज."

"अंगनात म्हनजे रियाज. तो तिनं लई ऐकला, भांडे घासत. तिले खुर्चीवर बसवाचं आहे. पुढच्या रांगेत. पावनीसारखं."

झालं, मी कंबर कसली. राजधानी कला मंडळ नावाची एक संस्था फेब्रुवारीत तलावाजवळच्या सभागृहात महोत्सव भरवायची. राजधानी नवी झाल्यापासून गावात कलेपेक्षा मंडळंच जास्त झाली होती. मंडळाचे सचिव मला म्हणाले, "जॅझ? उसमें डान्स रहता है क्या?" नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. चार चकरा मारल्यावर त्यांनी रविवारी दुपारी तीनची वेळ दिली, म्हणजे जेवून लोक घोरत असतात ती. आणि इथे मी माझी हुशारी दाखवली. मला कळलं होतं की साडेपाचला चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाला मंत्री येणार आहेत, आणि पाचपासूनच सभागृह भरणार आहे. मी हातापाया पडून आमची वेळ पाचची करून घेतली. भरलेल्या सभागृहात काकांनी वाजवावं, काकूंनी ते पाहावं, एवढंच माझ्या मनात होतं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, हे माझ्याकडून शिकावं.

काकू लग्नातला शालू नेसून आल्या. पहिल्या रांगेत बसल्या, पण खुर्चीच्या अगदी कडेवर, कोणी उठवलं तर पटकन उठता यावं अशा. मी त्यांच्या शेजारी. काकांनी पांढरा शर्ट घातला होता आणि कोल्ड क्रीमचा वास पहिल्या रांगेपर्यंत येत होता. बाकीच्या चाली त्यांनी घेतल्याच नाहीत. थेट 'दारापर्यंत'.

लोक आधी कुजबुजले. मग हळूहळू गप्प झाले. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर सचिव म्हणाले की लोकांना कळत नव्हतं. लोकांना चांगलं कळत होतं! माझ्या मागे बसलेला एक दुकानदार पायाने ताल धरत होता. काकूंच्या पदराचं टोक त्यांच्या बोटांत गुंडाळलं जात होतं, सुटत होतं. दहा मिनिटं झाली असतील. चाल मोडून झाली होती, तिच्यातून नवी निघत होती, काकांचा हात पूर्ण लांब गेला होता.

आणि बाहेर शिट्टी वाजली.

मंत्र्यांच्या गाड्या वीस मिनिटं आधीच आल्या होत्या. पोलिसाने रस्ता मोकळा करायला शिट्टी मारली. एकच, लांब. काकांची नळी होती तिथे थांबली. सूर अर्धा होता, तो त्यांनी गिळला. तीस वर्षांची सवय. त्यांना स्वतःलाही कळलं नाही आपण काय केलं ते. ते ट्रॉम्बोन छातीशी धरून मास्तरकडे बघावं तसं दाराकडे बघत राहिले.

लोकांना वाटलं, संपलं. टाळ्या पडल्या. निवेदिका धावत आली, "बहुत सुंदर, बहुत सुंदर." भैय्यालाल ड्रममागून ओरडला, "अभी खतम नइ होय हे!" कोण ऐकतं? माणसं उठून दाराकडे धावत होती. मी सचिवांना गाठलं, म्हटलं, पाच मिनिटं द्या, शेवट राहिला आहे. ते हारातली फुलं नीट करत होते. म्हणाले, "मॅडम, बजा तो लिया ना?"

माझ्या तोंडून काय काय बाहेर पडलं ते इथे लिहीत नाही. ऑफिसात नंतर त्याबद्दल मला मेमो मिळाला, तो मी जपून ठेवला आहे.

रंगमंचामागच्या व्हरांड्यात काका एका स्टुलावर बसले होते. काकू शालू सावरत आल्या आणि त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

"थांबले काहून?"

"शिट्टी वाजली ना."

"दार आलं होतं काय?"

काकांनी नळी आत ओढली. मग म्हणाले, "नाही."

"मंग? उठा. घर काही लांब नाही."

भैय्यालालने एक ड्रम काढून गळ्यात अडकवला. शेखर आणि गौतमची वाद्यं विजेशिवाय मुकी, म्हणून त्यांनी ती पाठीला लावली आणि हातांनी ताल धरला. सभागृहाच्या मागच्या फाटकातून आम्ही बाहेर पडलो, ऊन अजून पिवळं होतं. काकांनी नळी तोंडाला लावली आणि जिथे सूर गिळला होता तिथूनच उचलला. अगदी तोच सूर.

आणि काकू त्यांच्यापुढे चालू लागल्या. ट्रॉम्बोनपुढे कोणी चालायचं नाही, हा नियम त्यांना माहीत नव्हता, किंवा असेलही. नळी पूर्ण लांब गेली की त्यांच्या पदराला लागायची. काका एक पाऊल मागे राहत, काकू एक पाऊल हळू होत. स्कूटरवाले थांबून बघत होते. कोणीतरी विचारलं, "किसकी बारात है?" मी म्हटलं, "इनकी." त्याला काही कळलं नाही, मलाही समजावत बसायचं नव्हतं.

चौकात मंत्र्यांच्या गाड्यांमुळे सगळं तुंबलं होतं. ट्रॅफिकवाला घामाघूम होऊन उभा. त्याने आम्हाला पाहिलं, हात वर केला, आणि गाल फुगवून शिट्टी मारली. काकांची नळी अडखळली, मी डोळ्यांनी पाहिलं. सूर हलला. काकूंनी मागे वळून बघितलं.

काका थांबले नाहीत. ट्रॅफिकवाल्याने दुसऱ्यांदा शिट्टी मारली, तिसऱ्यांदा मारली. मग त्याने शिट्टी तोंडातून काढली आणि आम्हाला वाट करून दिली. त्या दिवशी ज्या एका सरकारी माणसाने अक्कल दाखवली, तो हा.

दुसऱ्या दिवशी पेपरात मंत्र्यांचा फीत कापतानाचा फोटो होता. आमच्याबद्दल एक ओळ नव्हती. त्या चालण्याचं रेकॉर्डिंगही कोणाकडे नाही, माझा टेप घरी कपाटात होता, आणि याबद्दल मी स्वतःला आजही शिव्या देते. पुढच्या गुरुवारी काकांचे दोन्ही दात काढले. त्यानंतर त्यांनी ट्रॉम्बोन वाजवला नाही. नळीला मात्र अजूनही कोल्ड क्रीम लावतात, आणि काकू आता डबी लपवत नाहीत.

पण त्या रविवारी आम्ही घरी पोचलो तेव्हा दाराला कुलूप होतं आणि किल्ली काकूंकडे. त्या पायरीवर चढल्या. किल्ली कुलपाला लावली. आणि तशाच उभ्या राहिल्या. काका गल्लीत उभे राहून वाजवत होते, शर्ट पाठीला चिकटला होता, ओठांच्या कडेला रक्त आलं होतं. मागे स्कूटरी जमल्या, हॉर्न वाजायला लागले. मी पुढे होऊन म्हटलं, "काकू, उघडा ना."

"थांब पोरी," त्या दाराकडे तोंड करूनच म्हणाल्या. "उघडलं की थांबन ना तो."